मेर्वेकाठचे व्हॅन डर मर्वे

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी धरमशालेत विश्वचषकाचा सामना झाला. त्याच्या धावफलकात एक ओळ आहे: व्हॅन डर डुसेन, झे. दत्त, गो. व्हॅन डर मर्वे, ४. बाद होणारा दक्षिण आफ्रिकेचा, बाद करणारा नेदरलँड्सचा. पण हा डच गोलंदाज रुलोफ जन्मला जोहान्सबर्गला, आणि २००९-१० मध्ये तो दक्षिण आफ्रिकेकडूनच खेळत होता. नेदरलँड्सचा नकाशा उघडून पाहिला तर आणखी गंमत. डुसेन हे ब्राबांट प्रांतातलं एक गाव. तिथून उत्तरेला दहाएक किलोमीटर गेलं की मेर्वेडे नदी लागते. म्हणजे त्या एका ओळीत एकाच पंचक्रोशीतली दोन आडनावं आमनेसामने आलेली आहेत, आणि दोन्ही आली ती आफ्रिकेमार्गे.

डुसेन राहू दे, मर्वे घेऊ. मराठी वर्तमानपत्रं कधी ‘मर्व’ छापतात, कधी ‘मर्वे’. डच उच्चार साधारण ‘फान डर मेर्वे’. डचमधून निघालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत सुरुवातीचा ‘व्ही’ स्वच्छ ‘फ’ होतो आणि शेवटचा ‘ए’ जवळजवळ गिळला जातो. ‘फान’ म्हणजे ‘-चा’ किंवा ‘-हून’. ‘डर’ हे स्त्रीलिंगी उपपदाचं जुनं विभक्तीरूप. बोलत्या डचमधून ते कधीच गेलं, आडनावांत तेवढं उरलं. मेर्वे हे मेर्वेडेचं आखूड रूप. तेव्हा आडनावाचं सरळ मराठी होतं ‘मेर्वेकर’.

ही नदी तशी आखूडच. वाल आणि मास यांची पात्रं वाउड्रिखेमपाशी भेटतात, तिथून पुढच्या प्रवाहाला बोव्हन, म्हणजे वरची मेर्वेडे म्हणतात. व्हर्केन्डामजवळ तिला फाटा फुटतो. खालची मेर्वेडे डोर्डरेख्टच्या दिशेने जाते आणि तिथे पोचल्यावर नावच टाकून देते, पुढे दुसऱ्या नद्या सुरू होतात. डोर्डरेख्टच्या पूर्वेला ‘हाउस टे मेर्वेडे’ या किल्ल्याच्या एका मनोऱ्याचे अवशेष उभे आहेत. १४१८ च्या वेढ्यात तो पडला, आणि १४२१ च्या सेंट एलिझाबेथच्या पुराने आजूबाजूची जमीनही गिळली. या किल्ल्याचे सरदार मेर्वेडे नावाचेच होते. त्यामुळे जगभरच्या व्हॅन डर मर्व्यांना आपण त्यांचे वंशज असं वाटायला आवडतं. त्याला आधार नाही. नदीकाठी सरदाराचं घर एक असतं आणि कोळ्यांची, नावाड्यांची, बांध राखणाऱ्यांची शेकडो. आडनावाच्या नावाने कुलचिन्हाची चौकट विकणारे तर हमखास फसवतात: कुलचिन्ह त्या-त्या घराण्याचं असतं, आडनावाचं नसतं.

स्थळनामी आडनावांबद्दल एक गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. साताऱ्यात राहणाऱ्याला कुणी सातारकर म्हणत नाही, पुण्यात आल्यावर तो सातारकर होतो. ‘फान’चंही तेच. नदीकाठी सगळेच मेर्वेचे, मग मेर्वेकर कुणाला म्हणायचं? म्हणून असली आडनावं मूळ जागेपासून थोड्या अंतरावर रुजतात. या घराण्याचा मूळपुरुष याला पुरावाच म्हणा. विलेम शाल्क व्हॅन डर मर्वे आला तो औट-बायरलांडजवळच्या ब्रूक इथून. हे गाव मेर्वेडेवर नाही, डोर्डरेख्टच्या पश्चिमेला आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यात एग्मोंटच्या काउंटने पाण्याखालची जमीन बांध घालून काढली आणि तिला बायकोच्या माहेरचं, म्हणजे बायर्नचं नाव दिलं. नव्या जमिनीवर माणसं बाहेरूनच येणार, त्यांच्या पाठीला जुन्या गावांची नावं चिकटणारच.

विलेम १६६१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, उतरला. कंपनीच्या यान व्हॅन रीबेकने तिथे ठाणं घालून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. १६६८ च्या सुमारास त्याने एल्स्ये याकोब्स क्लुटे हिच्याशी लग्न केलं. तिचा बाप याकोब क्लुटे जर्मनीतल्या कोलोनचा, १६५७ मध्ये कंपनीची चाकरी सोडून शेती करायची मुभा मिळालेल्या पहिल्या लोकांपैकी. नावांची घडण इथे नीट बघण्यासारखी आहे. विलेम हे स्वतःचं नाव, शाल्क हे बापाचं, व्हॅन डर मर्वे हे आडनाव. स्वतःचं, वडिलांचं, मग गावाचं! सतराव्या शतकातला हा डच माणूस आपल्या शाळेच्या हजेरीपटावर तसाच्या तसा बसला असता. जुन्या कागदांत बापाच्या नावापुढे मुलासाठी ‘झून’चं आखूड ‘एसझेड’ आणि मुलीसाठी नुसता ‘एस’ किंवा ‘डीआर’ लावतात. एल्स्ये याकोब्स म्हणजे याकोबची एल्स्ये. आपल्याकडे बापाचं नाव दर पिढीला बदलतं आणि जागेवर राहतं. त्यांच्याकडे ते पुढे दोन रूपांत गोठलं. कुठे यानसन, पीटर्स अशी आडनावं झाली, कुठे ते मुलाचं दुसरं नाव बनून बसलं. आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या, घरांतून शाल्क हे नाव अजून ठेवतात, रग्बीपटू शाल्क बर्गर त्यांतलाच. आजच्या डचमध्ये मात्र ‘शाल्क’ म्हणजे लबाड. जुन्या भाषेत त्याचा अर्थ सेवक असा होता.

नेपोलियनने डच लोकांना सक्तीने आडनावं घ्यायला लावली आणि लोकांनी चेष्टेत वेडीवाकडी नावं नोंदवली, ही गोष्ट हमखास ऐकू येते. १८ ऑगस्ट १८११ चा हुकूम खरा आहे. पण बहुतेक घरांत आडनावं आधीपासून होती, हुकुमाने त्यांची नोंद तेवढी पक्की केली. फ्रिसलँडसारख्या उत्तरेकडच्या भागांत आणि ज्यू समाजात मात्र बऱ्याच जणांनी तेव्हाच आडनाव घेतलं. चेष्टेचा नमुना म्हणून ज्याचा दाखला देतात ते ‘नाक्टखेबोरन’, म्हणजे नागडा जन्मलेला, हे मुळात बाप गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाला लावायच्या शब्दाचं बिघडलेलं रूप आहे. केपमधल्या मर्व्यांना या हुकुमाचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांना निघून दीडशे वर्षं झाली होती.

एका माणसापासून एवढी माणसं कशी झाली, याचं गणित साधं आहे आणि थोडं भीतीदायकही. १६६१ पासून आजवर तीस वर्षांची एक धरून बारा पिढ्या होतात. दर पिढीत प्रत्येक पुरुषामागे सरासरी दोन मुलगे मोठे होऊन संसाराला लागले, तर बाराव्या पिढीत ४,०९६ पुरुष. अडीच लागले, तर ५९,६०५. तीन लागले, तर ५,३१,४४१. अर्ध्या मुलाच्या फरकाने गाव आणि तालुका एवढा फरक पडतो. केपला सुरुवातीच्या पिढ्यांत जमीन भरपूर, लग्नं लवकर आणि मुलं दहा-बारा. नेदरलँड्समध्ये त्याच काळात जमीन मोजकी, लग्नं उशिरा आणि शहरांत रोगराई. शिवाय केपची युरोपीय वस्ती मूठभर होती, म्हणून पहिल्या रांगेत आलेल्याचा वाटा कायमचा मोठा राहिला. आज हे आडनाव दक्षिण आफ्रिकेत बोथा, प्रिटोरियस, नेल यांच्या पंक्तीला आहे. मूळ देशात ते दुर्मीळ. तिकडे त्याच्या जवळचं ‘व्हॅन डे मेर्वे’ही सापडतं. नेदरलँड्समधलं सगळ्यांत मोठं आडनाव आहे ‘दे योंग’, म्हणजे धाकटा. २००७ च्या मोजणीत ते सुमारे ८४ हजार लोकांचं होतं.

आडनाव इतकं सर्रास आहे की दक्षिण आफ्रिकेतल्या विनोदांत ‘व्हॅन डर मर्वे’ हेच त्या भोळसट पात्राचं नाव. आपल्याकडे जसा गंपू.

केपहून ही मंडळी आत सरकली. ड्राकेनस्टाइनच्या खोऱ्यातून डोंगरापलीकडे, मग १८३० च्या दशकातल्या मोठ्या स्थलांतरात बैलगाड्यांनी फ्री स्टेट आणि ट्रान्सवालकडे. काही आफ्रिकानर कुटुंबं १८७४ पासून कोरड्या वाळवंटातून अंगोलापर्यंत गेली आणि १९२८ मध्ये त्यांतली बरीच आजच्या नामिबियात उतरली. तो मुलूख तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात असल्यामुळे तिथेही ही आडनावं दाट आहेत. अँग्लो-बोअर युद्धात (१८९९ ते १९०२) पकडलेल्या बोअर, म्हणजे आफ्रिकानर, कैद्यांना ब्रिटिशांनी सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थानात पाठवलं. त्या छावण्यांत अहमदनगरही होतं. शोध घेणाऱ्याला या कैद्यांच्या नोंदवह्या म्हणजे घबाड: नाव, वय, गाव किंवा शेत, तुकडी, कुठे पकडला आणि कुठे ठेवला, एवढं एका ओळीत मिळतं. १९९४ नंतरची लाट वेगळी. ती लंडन, पर्थ, ऑकलंड आणि कॅनडाकडे गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या जॉर्ज गावात जन्मलेला डुहान व्हॅन डर मर्वे स्कॉटलंडच्या जर्सीत रग्बी खेळतो, तिथल्याच वुस्टरला जन्मलेला डीटीएच व्हॅन डर मर्वे कॅनडाकडून खेळला. आणि रुलोफ २०१५ मध्ये डच पासपोर्ट घेऊन नारिंगी जर्सीत आला. आडनावामुळे नव्हे, हे सांगायला हवं. १६६१ मध्ये देश सोडलेल्या पूर्वजाच्या नावावर डच नागरिकत्व मिळत नाही. २०२२ मध्ये टी-२० विश्वचषकात ॲडलेडला रुलोफने मागे पळत डेव्हिड मिलरचा झेल घेतला आणि दक्षिण आफ्रिका स्पर्धेबाहेर गेली.

आता थोडं अवघड. हे आडनाव लावणारे सगळे गोरे नाहीत, आणि सगळे विलेमच्या रक्ताचेही नाहीत. शेतांवर राबणाऱ्या खोइखोइ या मूळच्या स्थानिक लोकांनी आणि मुक्त झालेल्या गुलामांनी मालकाचं आडनाव घेतलं, कधी मालकाची अनौरस संतती तेच नाव लावत राहिली. केपच्या दफ्तरांत आणखी एक ‘व्हॅन’ भेटतो: व्हॅन बेंगाले, व्हॅन मलबार, व्हॅन कोरोमांडेल, व्हॅन बटाव्हिया, व्हॅन मादागास्कर. ही गुलामांची नावं. घराणं पुसून टाकलेल्या माणसाला विकत आणलं त्या किनाऱ्याचं नाव लावलेलं. व्याकरण अगदी तेच, ‘बंगालकर’. पण एकाला ते जमिनीसोबत मुलांना देता आलं आणि दुसऱ्याचं एका पिढीत नाहीसं झालं. बंगालहून आणलेली आंगेला १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासोनशी लग्न केलं. आज बासोन आडनावाची मोठी गोतावळ तिचीच आहे, तिचं ‘व्हॅन बेंगाले’ कुणाकडे नाही. २०२० मध्ये ७७ आफ्रिकानरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात युरोपबाहेरचा वारसा सरासरी ४.७ टक्के निघाला, आणि त्यात दक्षिण आशियाचाही हिस्सा होता. नाव गेलं तरी माणूस राहिला.

कुणाला हे घराणं शोधत मागे जायचं असेल तर सुरुवात मूळपुरुषापासून करू नये. सगळे तिथूनच करतात आणि तिथेच फसतात. जिवंत माणसापासून एकेक पिढी मागे जावं, दर पायरीला कागद हातात असावा.

पहिला कागद मृत्यूची सूचना. एकोणिसाव्या शतकापासून दक्षिण आफ्रिकेत इस्टेटीच्या कामासाठी हा छापील अर्ज भरत आले आहेत. त्यात मृताचं नाव, जन्मगाव, आईवडील, वय, जोडीदार, मृत्यूची जागा आणि मुलांची यादी असते. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत नाव टाकलं की दफ्तराचं सांकेतिक नाव येतं: केएबी म्हणजे केप, टीएबी ट्रान्सवाल, व्हीएबी फ्री स्टेट, एनएबी नाताळ. सूचीत कागदाचं चित्र नसतं, फक्त खंड आणि क्रमांक. तो घेऊन प्रत मागवायची. नुसतं ‘व्हॅन डर मर्वे’ टाकलंत तर हजारो ओळी येतील आणि दिवस वाया जाईल. त्यापेक्षा बायकोचं माहेरचं आडनाव टाकावं. डच आणि केपच्या नोंदी बाईला माहेरच्या नावाने ओळखतात, सूचीतही ‘हयात पत्नी, जन्मनाव अमुक’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नावच कागदावरून पुसलं जायचं. इथे उलट तिच्याच नावावर सगळी भिस्त आहे.

या अर्जावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. तो मृताने भरलेला नसतो हे उघड आहे, पण बरेचदा मुलानेही भरलेला नसतो. सही जावयाची किंवा शेजाऱ्याची असेल तर मृताच्या आईवडिलांची नावं चुकलेली असायची शक्यता मोठी. तळाची सही आधी वाचावी, मग वरचा मजकूर. दुसरा खड्डा शेताच्या नावाचा. रीटफोन्टाइन नावाची शेतं शेकड्याने आहेत. जिल्ह्याचं नाव नसेल तर शेताचं नाव कुचकामी.

मागे गेलं की चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं लागतात. केपचं चर्च १६६५ चं, स्टेलेनबॉशचं १६८६ चं, ड्राकेनस्टाइनचं १६९१ चं, खाफ-राइनेतचं १७९२ चं. आत राहणारे लोक वर्षातून दोन-चारदा, प्रभुभोजनाच्या वेळी, बैलगाडी जुंपून चर्चला यायचे आणि साठलेली मुलं एकदम बाप्तिस्म्याला उभी करायचे. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. एकाच दिवशी दोन भावंडं दिसली तर त्यांना जुळी समजू नये. पुस्तकातली साक्षीदारांची नावं सोडून द्यायची घाई करू नये. साक्षीदार बहुतेक आजोबा-आजी, काका-मामा असतात, आणि नावांचा गोंधळ सोडवायला तेच उपयोगी पडतात.

गोंधळ तर होणारच. पहिला मुलगा आजोबाच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा, तिसरा बापाच्या नावाचा. पहिली मुलगी आईच्या आईच्या, दुसरी बापाच्या आईच्या नावाची. हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला, त्यामुळे एकाच आजोबाचे पाच मुलगे असतील तर एकाच वयाचे पाच चुलतभाऊ ‘शाल्क विलेम’ निघतात. नुसतं नाव आणि जिल्हा जुळला म्हणून माणूस जुळला असं धरलं की पुढचा सगळा वृक्ष दुसऱ्याच्या अंगणात उगवतो. संगणकावरच्या तयार वंशावळींमध्ये ही चूक एकाने केलेली असते आणि पन्नास जणांनी उतरवून घेतलेली. बायको, साक्षीदार, शेत, करवह्या यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्याशिवाय दुवा जोडू नये. करवह्या म्हणजे कंपनीच्या काळातल्या वार्षिक याद्या, ज्यांत प्रत्येक स्वतंत्र शेतकऱ्याची गुरं, द्राक्षवेली, धान्य आणि गुलाम मोजलेले असत. यांत माणूस वर्षावर्षाला ओळखू येतो.

नावं सारखी म्हणून आफ्रिकानर वंशावळकारांनी क्रमांक काढले. मूळपुरुष ‘ए’, त्याची मुलं ‘बी’, नातवंडं ‘सी’, आणि अक्षरापुढे जन्माचा क्रम. बी२ सी५ डी१ म्हणजे मूळपुरुषाच्या दुसऱ्या मुलाच्या पाचव्याचा पहिला. एकदा सवय झाली की नावापेक्षा हाच पत्ता बरा वाटतो. एखादं मूल नव्याने सापडलं तर मात्र पुढचे सगळे आकडे सरकतात. म्हणून कुणी क्रमांक सांगितला तर तो कोणत्या आवृत्तीतला, हे विचारावं.

समुद्र ओलांडून नेदरलँड्समध्ये शिरताना बहुतेकांची गाडी अडते. कंपनीच्या जहाजांवरच्या लोकांच्या पगारवह्यांची सूची ऑनलाइन आहे, पण ती मुख्यतः १६९९ नंतरची. १६६१ चा विलेम तिथे सापडायचा नाही. न सापडल्यावर नंतरचा एखादा विलेम उचलून त्याच्या जागी बसवणारेही आहेत. आडनावाचा प्रसार बघायचा असेल तर डच कुटुंबनामांच्या सूचीत १९४७ ची प्रांतवार आणि २००७ ची नगरपालिकावार संख्या मिळते. पाचापेक्षा कमी असतील तर आकडा देत नाहीत.

आणि शोधताना अक्षरं. नेदरलँड्समध्ये हे आडनाव ‘एम’खाली लावतात, ‘मेर्वे, व्हॅन डर’ असं. दक्षिण आफ्रिकेत ‘व्ही’खाली, त्यामुळे तिथल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत व्हॅनवाल्यांची पानंच्या पानं. डच आणि आफ्रिकान्समध्ये पुढे नाव असेल तर ‘व्हॅन’चं पहिलं अक्षर लहान, नसेल तर मोठं. बेल्जियममध्ये जसं नोंदलं तसंच कायम. अमेरिकेत सगळं जोडून एक शब्द होतो. ब्रिटिश कारकुनांनी कैद्यांच्या वह्यांत शेवटचा ‘डब्ल्यू’ ऐकला तसा ‘व्ही’ लिहिला, डच कारकून ‘व्ही. डी.’ लिहून मोकळे झाले. तेव्हा पूर्ण आडनाव टाकूच नये. पुढे-मागे चांदणीचं चिन्ह देऊन मधली चार अक्षरं टाकावीत, ‘मेर्व’: एकदा ‘डब्ल्यू’ने आणि एकदा ‘व्ही’ने.

गुणसूत्राची चाचणी शेवटी, कागद संपल्यावर. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आडनावाच्याच वाटेने चालतं, त्यामुळे दूरच्या दोन शाखांतल्या एकेका पुरुषाची चाचणी जुळली तर मधल्या सगळ्या पिढ्या एकदम पक्क्या होतात. न जुळली तर दोघांपैकी कुणाच्या वाटेत खंड पडला, हे कळायला तिसऱ्या शाखेतला माणूस लागतो. बोथांच्या बाबतीत अशाच तपासणीत त्यांच्या एका मोठ्या शाखेचा मूळपुरुष बोथा नव्हे, आपेल नावाचा दुसराच माणूस निघाला. त्या शाखेतले हजारो लोक आजही बोथाच लावतात.